डांबर वर, दुखणे खाली : रस्त्यांविषयी वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत शेतांबरोबर रस्तेही खरवडून नेले, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पीकविम्याच्या खालोखाल रस्त्यांचाच विषय आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि गावांची, कंत्राटदारांची व कार्यालयांची नावे गाळून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. नावे गाळल्याबद्दल काही वाचक रागावतील. पण एका गावाची तक्रार वाचताना दहा गावांना ती आपलीच वाटते, असा अनुभव असल्यामुळे नावांवाचून फारसे अडत नाही.

प्रश्न : आमच्या गावाला मुख्य रस्त्याशी जोडणाऱ्या चार किलोमीटर रस्त्याचे तीन वर्षांपूर्वी डांबरीकरण झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात तो उखडला. कंत्राटदाराने डांबर खाल्ले, असे सगळे गाव म्हणते. डांबरात खरोखर एवढा पैसा असतो का?
(एक शेतकरी, ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : हिशेबच करून पाहू. ग्रामीण रस्त्यावर बहुधा वीस मिलिमीटर जाडीचे कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा वरचा थर, आणि त्यावर सीलकोट, म्हणजे छिद्रे बुजवणारा पातळ लेप, टाकतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे दहा चौरस मीटर कारपेटला १४.६ किलो, आणि बारीक खडीत मिसळून टाकायच्या सीलकोटला ६.८ किलो डांबर लागते. रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर असेल तर एका किलोमीटरला सुमारे ८ टन डांबर झाले. भाव टनाला पन्नास हजार रुपये धरला तर किलोमीटरमागे चार लाख रुपये होतात. आता दुसरा आकडा पाहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा ६२,५०० किलोमीटर रस्त्यांसाठी ७०,१२५ कोटी रुपयांचा खर्च धरण्यात आला, म्हणजे पुलांसह किलोमीटरला सरासरी १ कोटी १२ लाख रुपये. त्यातले चार लाख डांबराचे, म्हणजे शंभरात चार रुपयेसुद्धा नाहीत. नवा रस्ता न करता जुन्यावर नुसता नवा थर दिला तर हा वाटा अर्थातच वाढतो. पण नव्या रस्त्यात कोणी चौथा हिस्सा डांबर मारले तरी किलोमीटरमागे लाखभर रुपयेच हाती लागतात. ते मारले जात नाही असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ज्याला खायचे आहे त्याला डांबरापेक्षा मुरूम, खडी आणि दबाई यांत जास्त मिळते, कारण हे थर डांबराखाली झाकले गेले की त्यांची जाडी मोजायला कोणी टिकाव घेऊन येत नाही.

गावाला रस्ता म्हणजे काळा थर वाटतो. वास्तविक वीस मिलिमीटरच्या कारपेटला स्वतःची ताकद जवळजवळ नसते. चाकाखाली खडी निसटू न देणे आणि सीलकोटच्या मदतीने पाणी आत जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. वजन पेलतात ते खालचे थर : जमिनीवर मुरमाचा किंवा तत्सम पाया, त्यावर पाणी मारून दाबलेल्या खडीचे एक-दोन थर. आणि या सगळ्यांच्या खाली आपली काळी माती असते.

ही माती कापसाला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैऱ्यासारखी आहे. तिच्यातील चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजलेल्या अवस्थेत तिची भार पेलण्याची क्षमता इतकी घटते की वरचा पाया जाड केल्यावाचून गत्यंतर नसते. मुरूम कमी पडला, चाळलेला नसला किंवा त्यात मातीच जास्त असली, तर पहिल्या पावसाळ्यात खालची माती लोण्यासारखी वर येऊन खडीत घुसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात चाकोरी खचते. तुमच्या पत्रात “आधी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या आणि मग तुकडे निघाले” असे वाक्य आहे, आणि माझ्या मते निदान त्या वाक्यातच आहे. डांबर कमी असते तर खडी सुटी होऊन रस्त्यावर पसरली असती. जाळीसारख्या भेगा म्हणजे पाया हलला आणि वरचा थर वाकून वाकून तुटला. शंका पुराव्याने मिटवायची असेल तर मिश्रणाचा नमुना प्रयोगशाळेत विरघळवून त्यातले डांबराचे प्रमाण काढता येते. आणि रस्ता फूटभर खोदून थर मोजायला तर प्रयोगशाळाही लागत नाही.

खडीच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. आपला काळा बेसाल्ट दगड डांबराला चांगला धरून राहतो. ग्रॅनाइटच्या प्रदेशात पाण्याने डांबर खडीवरून सुटते, तितका हा त्रास आपल्याकडे नाही. परंतु क्रशरवरची धूळ तशीच राहिलेली खडी वापरली, तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटते आणि हे नशीब वाया जाते.

एक गोष्ट थोड्या संकोचाने लिहितो. रस्त्याच्या कडेची नाली बुजवून शेतात बैलगाडीची वाट कोणी केली, आणि साइडपट्टी नांगरून पिकाच्या दोन ओळी जास्तीच्या कोणी काढल्या, हेही त्या चार किलोमीटरांवर एकदा चालून पाहावे. नाली बुजली की पाणी रस्त्याकडेला तुंबते, तुंबलेले पाणी बाजूने पायात शिरते, आणि मग वरून कितीही जाड डांबर ओतले तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

प्रश्न : पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठी कर घेतला जातो, असे ऐकतो. तो पैसा आमच्या रस्त्यावर का दिसत नाही? आणि हा रस्ता नेमका कोणाचा, हे तीन कार्यालयांत विचारले तर तीन उत्तरे मिळाली.
(निवृत्त मुख्याध्यापक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो, कारण मालक कळल्याशिवाय पैशाची वाट कळत नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने देशातील रस्त्यांची जी उतरंड लावली, तीच थोड्या फरकाने आजही चालू आहे : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याची पहिल्या पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराच्या करारातच असते. म्हणून तीन कार्यालयांत जाण्याऐवजी जिल्हा परिषदेत जाऊन आपल्या रस्त्याचा क्रमांक आणि वर्ग लेखी विचारावा. ‘ग्रामा’ किंवा ‘इजिमा’ या अक्षरांपुढे क्रमांक असेल तर मालक तिथेच भेटला. क्रमांकच नसेल तर तुमचा रस्ता सरकारी कागदावर जन्मलेलाच नाही, आणि पहिले काम तो रस्ते विकास आराखड्यात घालून घेण्याचे आहे.

इंधनावरील कराची कहाणी मात्र जुनी आहे आणि तिचा मूळपुरुष मराठी आहे. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते समितीने असे सुचवले, की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे २००० च्या कायद्याने या निधीला आजचे वैधानिक रूप मिळाले आणि २०१८ मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले. नाव बदलले तसे वाटेकरीही वाढले : राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते आणि ग्रामीण रस्ते यांच्या पंगतीला आता रेल्वे आणि इतर पायाभूत कामेही बसली आहेत. ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हा सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून तो साठ टक्के केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा आहे. म्हणजे तुम्ही पंपावर भरलेला पैसा येतो, पण तो बहुतेक करून नवा रस्ता बांधायला येतो. झालेला रस्ता सांभाळण्याचा प्रश्न आला की राज्याच्या आणि जिल्ह्याच्या तिजोरीकडे पाहावे लागते.

आणि तिथे खरी मेख आहे. सरकारी हिशेबात रस्त्यांचे दोन मोठे लेखाशीर्ष आहेत, ज्यांना कार्यालयातील शिपाईसुद्धा आकड्यांनीच ओळखतो. ‘पन्नास-चोपन्न’ म्हणजे नवे बांधकाम आणि सुधारणा. ‘तीस-चोपन्न’ म्हणजे देखभाल-दुरुस्ती. याशिवाय ग्रामविकास विभागाचे ‘पंचवीस-पंधरा’ आहे, ज्यातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामे होतात. पन्नास-चोपन्नमध्ये आणि पंचवीस-पंधरामध्ये भूमिपूजन होते, नारळ फुटतो, फलक लागतो. तीस-चोपन्नमधून नाली उपसली, साइडपट्टी भरली, मोरीतला गाळ काढला, तर त्याचा नारळ कोणी फोडावा? माझ्या नोकरीच्या काळात एका कार्यालयात नाल्या उपसण्याचे अंदाजपत्रक सलग तीन वर्षे ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शेऱ्यासह परत आले, आणि चौथ्या वर्षी त्याच रस्त्याच्या संपूर्ण मजबुतीकरणाचा प्रस्ताव एका महिन्यात मंजूर झाला. वेळीच उपसलेल्या नालीला जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट रक्कम तिथे लागली. तो प्रस्ताव मीच लिहिला होता, म्हणून ही हकीकत ठामपणे सांगू शकतो.

मराठवाड्याच्या बाबतीत या प्रश्नाला अनुशेषाची जोड आहे. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात ज्या क्षेत्रांचा प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यांत रस्तेही होते. मराठवाड्यासाठी स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेष लांबीत मोजण्याची सवय आपल्याला दांडेकर समितीपासून लागली आहे आणि माझ्या मते ती आता अपुरी पडते, कारण डांबर उडालेला दहा किलोमीटरचा रस्ता नोंदवहीत दहा किलोमीटरचा डांबरी रस्ता म्हणूनच राहतो.

प्रश्न : अमरावती-अकोला महामार्गावर पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण करून विश्वविक्रम झाला. आमच्याकडे सहा किलोमीटर दोन वर्षे रखडले आहे. यंत्रे तीच, माणसे तीच, मग फरक कुठे पडतो?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी)

उत्तर : विक्रम खरा आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरीकरणाने पूर्ण झाली आणि गिनीज बुकात नोंदली गेली. पण त्या तासांत जे झाले ते डांबरी काँक्रीटचा थर अंथरण्याचे काम होते. खालचा रस्ता आधीच तयार होता, खडीचे ढीग लावून ठेवले होते, हॉटमिक्स प्लांट जवळ होते आणि डांबराचे टँकर ओळीत उभे होते. लग्नाच्या पंगतीत वाढायला अर्धा तास लागतो, म्हणून स्वयंपाक अर्ध्या तासात झाला असे कोणी म्हणत नाही.

तुमच्या सहा किलोमीटरमध्ये वाढपी कमी पडलेले नाहीत. शिधा पोहोचलेला नाही. काम मंजूर होते तेव्हा त्याच्या पूर्ण रकमेची तरतूद क्वचितच असते. कंत्राटदार खडीकरणापर्यंत येतो, बिल टाकतो आणि वाट पाहतो. थकीत देयकांसाठी राज्यातील कंत्राटदारांनी २०२५ मध्ये आंदोलने केली, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. मोठी कंपनी बँकेच्या आधारावर तग धरते. तालुक्यातला लहान कंत्राटदार क्रशरवाल्याचे, डिझेलवाल्याचे आणि मजुरांचे पैसे थकवून बसतो. त्यातच डांबराचा भाव तेल कंपन्या दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात, आणि देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा हिस्सा आखातातून आयात होत असल्यामुळे तिकडच्या घडामोडींची झळ इकडच्या निविदेला लागते. मोठ्या करारांत भाववाढीची तरतूद असते. अल्प मुदतीच्या लहान कामांत ती बहुधा नसते. शिवाय शासकीय रस्तेकामांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला.

याचा अर्थ कंत्राटदार बिचारे आहेत, असा घेऊ नये. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दराने निविदा भरायची, काम मिळवायचे आणि मग परवडत नाही म्हणून थर पातळ करायचा, ही चालही सर्वांना ठाऊक आहे. फार कमी दराच्या निविदेला जादा अनामत द्यावी लागते. पण अनामत भरल्याने मुरमाची जाडी वाढत नाही.

रखडलेल्या कामाला मग मार्चमध्ये अचानक गती येते, कारण आर्थिक वर्ष संपताना निधी खर्ची पडला नाही तर परत जाण्याची भीती असते. मार्चचे ऊन डांबरीकरणाला चांगलेच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पंधरा दिवसांत खडीकरण, दबाई आणि कारपेट उरकण्याबद्दल, कारण खडीच्या थरावर काही दिवस वाहतूक चालून तो बसायला हवा आणि पंचांगात मार्च महिना एकतीस दिवसांचाच आहे.

प्रश्न : उसाचे ट्रॅक्टर रस्ता मोडतात, असे अधिकारी सांगतात. आम्ही ऊस डोक्यावर न्यायचा का?
(ऊस उत्पादक, ता. माजलगाव, जि. बीड)

उत्तर : प्रश्नातला राग समजतो. तरीही अधिकारी या एका बाबतीत चुकीचे बोलत नाहीत. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील (ॲक्सलवरील) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. प्रमाण आस ८.१६ टनांचा मानतात. त्याच आसावर १२ टन आले तर वजन दीडपटही होत नाही, पण झीज साडेचार पटींहून अधिक होते. वजन दुप्पट केले तर झीज सोळापट. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली, तेव्हा या हिशेबाने प्रत्येक फेरीची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. जुने रस्ते मात्र जुन्याच हिशेबाने बांधलेले होते.

तेव्हा रस्ता फेऱ्यांच्या संख्येपेक्षा एका फेरीतल्या अतिभाराने मोडतो. तोच ऊस जास्त फेऱ्यांत नेला तर रस्ता वाचतो, पण भाडे तुमच्या बिलातून कापले जाते, म्हणून हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. गाळप हंगामात कोणत्या रस्त्यावरून किती टन ऊस जाणार हे कारखान्याला आधीच माहीत असते; त्या रस्त्याची आखणीच जड वाहतूक धरून करणे आणि खर्चात कारखान्याने वाटा उचलणे, हा मला सरळ मार्ग दिसतो. रोज चार दुचाकी आणि एक बस धरून आखलेल्या रस्त्यावर पाच महिने जोडट्रॉल्या चालवायच्या आणि एप्रिलमध्ये अभियंत्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

प्रश्न : प्लास्टिकचा रस्ता, शेतातल्या काडीकचऱ्याचे डांबर अशा बातम्या येतात. यात तथ्य किती?
(वाचक, नांदेड)

उत्तर : दोन्हींत तथ्य आहे, बातमीत असते तेवढी जादू नाही. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकून तिला पातळ लेप देण्याची आणि मग डांबर मिसळण्याची पद्धत विकसित केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये याची मार्गदर्शिका काढली असून डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक त्यात चालते. खडीवरची पकड सुधारते आणि पाण्याने डांबर सुटण्याला आळा बसतो. पण पीव्हीसी चालत नाही, आणि प्लास्टिक स्वच्छ, कोरडे, कातरलेले हवे. नगरपालिकेच्या कचऱ्यातून असे प्लास्टिक वेगळे मिळवणे, हे रस्ता बांधण्यापेक्षा अवघड काम आहे.

जैव-डांबराचा राष्ट्रीय महामार्गावरील पहिला तुकडा नागपूर-मनसर मार्गावर डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला. वनस्पतींतील लिग्निन या घटकाने तिथे पंधरा टक्के डांबराची जागा घेतली आहे. बगॅस (उसाची चिपाडे) आणि पऱ्हाट्या यांचा प्रदेश म्हणून मराठवाड्याला यात रस असायला हरकत नाही, आणि आयात जेवढी घटेल तेवढी चांगलीच. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की हे सगळे प्रयोग वरच्या थराचे आहेत. काळ्या मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करण्याचे तंत्र कित्येक दशके जुने आहे, आपल्या गावरस्त्यांना त्याची गरज जास्त आहे, आणि त्याची बातमी मात्र कधी होत नाही.

प्रश्न : मग सरळ सिमेंटचे रस्ते का करू नयेत?
(ग्रामपंचायत सदस्य, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : गावठाणात जरूर करावेत. तिथे सांडपाणी रस्त्यावर येते आणि साचलेले पाणी डांबराला मारते, सिमेंटला तितके मारत नाही. गावाबाहेर मात्र सुरुवातीचा खर्च जास्त पडतो आणि काळ्या मातीचे दुखणे तिथेही सुटत नाही. पाया नीट नसेल तर सिमेंटची फरशी खालून पोकळ होऊन तडकते, आणि तडकलेली फरशी दुरुस्त करणे डांबरापेक्षा कठीण असते. गावातला सिमेंट रस्ता करताना जुन्या रस्त्यावरच थर चढवत गेल्याने घरांचे उंबरे रस्त्याखाली गेल्याची उदाहरणे तुमच्याही तालुक्यात असतील. आधी खोदा, मग ओता, असा आग्रह ग्रामसभेत धरावा.

प्रश्न : ‘डांबर’ आणि ‘बिटुमेन’ एकच का?
(इयत्ता नववी, जालना)

उत्तर : बोलण्यात एकच, शास्त्रात नाही. डांबर हा मूळ शब्द दगडी कोळशापासून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाचा. घरातल्या डांबरगोळीला ते नाव पडले, कारण तिच्यातील नॅप्थलीन त्याच डांबरापासून मिळवीत. रस्त्यावर आज वापरतात ते बिटुमेन खनिज तेल शुद्ध करताना तळाला उरते. कोळशाचे डांबर आरोग्याला घातक ठरल्याने मागे पडले, शब्द मात्र मागे राहिला. रस्त्याकडेच्या टाकीवर ‘व्हीजी-३०’ असे लिहिलेले दिसले तर ती त्या बिटुमेनच्या घट्टपणाची प्रत आहे असे समजावे; पूर्वी ज्याला ‘साठ-सत्तर’ म्हणत त्याच्या जागी ती आली, आणि आपल्याकडच्या उन्हाला बहुतेक रस्त्यांवर तीच वापरतात.

प्रश्न : आमच्या गावाच्या रस्त्याचे काम येत्या महिन्यात सुरू होत आहे. आम्ही अभियंते नाही. उभे राहून काय पाहावे, आणि पाहिलेले कोणाला सांगावे?
(महिला सरपंच, ता. भूम, जि. धाराशिव)

उत्तर : काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रकाची प्रत मागा. कामाच्या जागी फलक असला पाहिजे. त्यावर कामाचे नाव, लांबी, रक्कम, कंत्राटदार, मुदत आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड झाल्यास कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, हे सर्व हवे. अंदाजपत्रकात प्रत्येक थराची जाडी लिहिलेली असते. मुरूम दाबून झाल्यावर आणि खडीचा थर झाल्यावर, पुढचा थर पडण्याआधी, शाखा अभियंत्याच्या उपस्थितीत दोन-तीन ठिकाणी खोदून फूटपट्टी लावण्याचा आग्रह धरा. कारपेट पडल्यावर केलेल्या तक्रारीला चौकशी मिळते. त्याआधी धरलेल्या आग्रहाला मुरूम मिळतो.

डांबराच्या दिवशी तापमान पाहा. व्हीजी-३० चे मिश्रण प्लांटवर १५० ते १६५ अंशांच्या दरम्यान असावे, पसरताना १४० च्या खाली नसावे आणि रोलरचे काम ते ९० अंशांपर्यंत उतरण्याआधी आटोपावे. गाडीवर ताडपत्री हवी. थर्मामीटर नसेल तरी डोळे आहेत : मिश्रणातून निळसर धूर निघत असेल तर ते जळले आहे, गाडीत ढीग ताठ उभा राहून गोळे पडत असतील तर ते थंड झाले आहे, रंग चमकदार काळ्याऐवजी मळकट तपकिरी दिसत असेल तर डांबर कमी आहे किंवा करपले आहे. ओल्या खडीवर आणि पाऊस भुरभुरत असताना काम थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आदल्या दिवशी धूळ झाडून खालच्या थरावर पातळ डांबराचा हात मारला का, हेही पाहा.

मग दोरी लावा. रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच हवा. अडीच टक्के उतार धरला तर पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यात ही उंची साधारण पाच सेंटीमीटर येते. दोन कडांना दोरी ताणून धरली की मधला उंचवटा आहे की नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळते. नाल्या आणि साइडपट्ट्या अंदाजपत्रकात असतील तर त्या झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर ग्रामपंचायतीची सही करू नका. पुष्कळदा हीच दोन कामे ‘नंतर करू’ म्हणून राहतात आणि बिल मात्र आधी निघते.

कोणी दाद दिली नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ चा आधार घ्या. त्यातील ‘माहितीचा अधिकार’ या संज्ञेत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. लोक फक्त कागद मागतात, नमुना मागत नाहीत. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवस असते. मोजमाप पुस्तिकेची प्रतही याच मार्गाने मिळते. तिच्यात लिहिलेली जाडी आणि तुम्ही मोजलेली जाडी शेजारी शेजारी लिहून तक्रार कार्यकारी अभियंत्याकडे द्या. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर ‘मेरी सडक’ या ॲपवर छायाचित्रासह नोंदही करता येते. खड्ड्यामुळे अपघात होऊन कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे, आणि त्यासाठीच्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात, हेही गावात माहीत असू द्या.

काम संपल्यानंतरची एक तारीख मात्र आजच ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवा : दोषदायित्वाचा कालावधी ज्या दिवशी संपतो ती. त्या तारखेच्या दोन महिने आधी रस्त्याची पाहणी करून उखडलेल्या जागांची यादी पोच घेऊन द्यावी, कारण त्या दिवसापर्यंतची दुरुस्ती कंत्राटदाराच्या अनामतीतून होते आणि दुसऱ्या दिवसापासून ती तीस-चोपन्नच्या रांगेत जाऊन बसते.